रिकाम्या काठावरची पाणमांजरी

आमच्या सासूबाई कुठलीही वस्तू कडेने धरतात. फोटो, ताटली, आरसा, टीव्हीचा रिमोट, सगळं दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी. मधे बोट लागू द्यायचं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, बाईंना माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीची किळस आहे. मी चहाची बशी पुढे करायची आणि त्या ती अशी घ्यायच्या की मी त्यात पाल पडू दिलीय. मी ते मनात धरून ठेवलं. मी बरंच काही मनात धरून ठेवते. माझ्या आईने लग्नाआधीच माझ्या नवऱ्याला तशी कल्पना दिली होती, त्यामुळे त्याला तक्रारीला जागा नाही.

मग एकदा वाटाणे सोलता सोलता त्यांनीच सांगितलं की ही स्टुडिओतली सवय आहे. सासूबाई तरुणपणी, लग्नाच्या आधी, हाताने काढलेल्या चित्रांचे सिनेमे बनवणाऱ्या एका स्टुडिओत कामाला होत्या. आधी पेन्सिलवाले कागदावर चित्र काढायचे. मग त्या कागदावर काचेसारखी आरपार दिसणारी पातळ शीट ठेवून रेघांच्या खोलीतल्या बायका टाकाने ते चित्र उतरवून घ्यायच्या. मग शीट उलटी करायची आणि मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे पुढची रेघ रंगाखाली बुडत नाही. मग ती शीट कॅमेऱ्याच्या खोलीत जायची. तिथे खाली नदी, झाडं, घर असं रंगवलेलं मोठं चित्र, त्याच्यावर ही शीट, एक फोटो. ती काढायची, पुढची ठेवायची, परत फोटो. एक प्राणी नुसता मान वळवणार म्हटलं तरी शीटांचा गठ्ठा लागायचा. आणि त्यातल्या एकीवर जरी बोटाचा ठसा उमटला तर पडद्यावर तो दाराएवढा दिसायचा. म्हणून कडेने धरायचं. मी म्हटलं, आई, हे आधी सांगितलं असतं तर माझी दोन-चार वर्षांची चिडचिड वाचली असती. त्या म्हणाल्या, तू विचारलंस कधी?

तर त्या स्टुडिओतल्या एका सिनेमावर आमच्या घराचा सगळा तोरा उभा होता. पाणमांजरीचा सिनेमा. जुना आहे, पण अजून लागतो, आणि लागला की तीन पिढ्या शेजारी शेजारी बसून बघतात. शेवटी नावांची पाटी येते. त्यात रंग भरणाऱ्यांच्या यादीत अगदी तळाला सासूबाईंचं माहेरचं नाव आहे. माझी मुलगी तिथे सिनेमा थांबवायची आणि घरी जो कोणी आलेला असेल त्याला पडद्याजवळ नेऊन दाखवायची. गॅस तपासायला आलेल्या माणसालासुद्धा तिने सोडलं नव्हतं.

सासूबाई मात्र तो सिनेमा पुरा बघायच्या नाहीत. पूर ओसरतो, पाणमांजरी पिल्लाला काठावर सोडून दुसऱ्या पिल्लाला शोधायला निघते, तिथे त्या उठायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासायच्या. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना तो प्रसंग सांगायला नको. तिथे आई दिसतच नाही. दिसतो तो फक्त रिकामा काठ. वाकलेलं गवत, गढूळ पाणी, ओली वाळू. कितीतरी वेळ काहीच हलत नाही, आणि बघणाऱ्याला आपोआप कळतं की ती गेली. सिनेमावर लिहिणाऱ्यांनी त्या एका प्रसंगावर पानंच्या पानं लिहिली आहेत. आईचं जाणं न दाखवता दाखवलं, यालाच म्हणतात दिग्दर्शक, असं सगळे म्हणतात. स्टुडिओत त्या दिग्दर्शकांना मोठे साहेब म्हणत. ते आता नाहीत.

नात ओरडायची, आजी, तुझा सीन आला, पळ. आम्ही हसायचो. मला वाटायचं, बाई वरून करवंटी आहेत पण आतून खोबरं. मी आजारी पडले तेव्हा डोळ्यांत टिपूस नाही आणि पाणमांजरीसाठी पातेली घासतायत. हे मी शेजारीपाजारी कौतुकाने सांगितलंसुद्धा. आता ते आठवलं की कान तापतात.

मग पेपरात आलं की त्या सिनेमाच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन भरतंय. पेन्सिलीची चित्रं, रंगवलेले देखावे, उरलेल्या शीटा, आणि स्टुडिओत काम केलेलं कोणी हयात असेल तर कळवा. मी कळवलं. कोणाला विचारलं नाही, चांगल्या कामाला काय विचारायचं. प्रदर्शन भरवणारी मुलगी फोनवर इतकी हरखली की तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आजींनी त्या रिकाम्या काठाच्या चित्रासमोर उभं राहून दोन शब्द बोलायचे.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या वरणाला फोडणी देत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "कोणी सांगितलं होतं तुला?"

मी म्हटलं, मानाचं बोलावणं आहे आई, शिक्षा नाही.  पुढचे काही दिवस त्या माझ्याशी नुसत्या कामापुरतं बोलल्या, म्हणजे मीठ कुठे आहे एवढंच. नवरा म्हणाला, तुला नसत्या उठाठेवी सांगितल्या होत्या कोणी. म्हटलं, तुम्ही मायलेकरांनी एकच वाक्य पाठ केलंय का? शेवटी एका संध्याकाळी सासूबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं की रेघ येणार आहे का.

रेघ म्हणजे त्यांची मैत्रीण. रेघांच्या खोलीतली सगळ्यात चांगला हात असलेली बाई, म्हणून तिचं नावच रेघ पडलं होतं. या दोघी एका डब्यात जेवायच्या. आणि मग मला पहिल्यांदा कळलं की सासूबाई कामाला लागल्या त्या रंगाच्या टेबलावर नव्हे, धुण्याच्या खोलीत. शीटा बाहेरून यायच्या आणि कायम कमी पडायच्या. म्हणून फोटो झालेल्या शीटा कोमट पाण्यात सोडा घालून धुवायच्या, मऊ फडक्याने पुसायच्या आणि परत रेघांच्या खोलीत पाठवायच्या. धुण्याच्या खोलीत चार-पाच बाया होत्या, त्यातल्या या एक. स्टुडिओत सगळे या दोघींना चिडवायचे की एकीने काढायचं आणि दुसरीने पुसायचं, काय जोडी आहे. सासूबाई म्हणाल्या, रेघ हसायची, मीही हसायची.

मी विचारलं, मग ती मैत्रीण आता कुठे असते. त्या म्हणाल्या, बाजारामागच्या गल्लीत. मला आधी कळेना. बाजारामागची गल्ली आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे. सासूबाई बाजाराला कायम लांबच्या रस्त्याने जायच्या, आणि मी समजायचे व्यायामासाठी जातात. लोकांना मी तेही कौतुकाने सांगत होते, या वयात बघा.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. मोठा पांढरा हॉल, भिंतींवर चित्रं, काचेच्या पेट्यांमधे झिजलेले कुंचले आणि रंगाच्या बाटल्या. बाटल्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या, कोरड्या पाणमांजरीचा तपकिरी, ओल्या पाणमांजरीचा तपकिरी, पिल्लाचं पोट. माझी मुलगी एकेक मोठ्याने वाचत होती. सासूबाई माझ्या पाठीमागे, माझ्या स्वेटरला धरून चालत होत्या, आणि हे मला चमत्कारिक वाटलं, कारण त्या कधी कोणाला धरत नाहीत. समोरच्या भिंतीवर दिव्याखाली तो रिकामा काठ होता. मूळ चित्र इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन हातांत मावलं असतं. आणि त्याच्यासमोर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर एक वाळलेली बाई काठी घेऊन बसली होती. काठीवरचा तिचा हात सारखा थरथरत होता. सासूबाई थांबल्या. मी त्यांना कोपराने पुढे ढकललं. खरंच ढकललं, खोटं कशाला बोलू.

प्रदर्शनवाली मुलगी फार छान बोलली. मोठ्या साहेबांनी किती धाडसाने हा काठ रिकामा ठेवला, दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं, वगैरे. लोक माना डोलवत होते. मग तिने सासूबाईंच्या हाती माईक दिला. त्यांनी तोही टोकांनी धरला.

"हा काठ रिकामा नव्हता," त्या म्हणाल्या. "इथे ती वळून बघायची. रेघने काढली होती. मी धुतली."

 मग त्यांनी खाली बघत सगळं सांगितलं, भाजीचा हिशेब सांगावा तसं. ते वळणं रेघने पेन्सिलीच्या कागदावाचून थेट शीटवर काढलं होतं, त्यामुळे त्याची दुसरी प्रत नव्हती. फोटो व्हायच्या शीटांमधे पातळ कागद घालून ठेवायचे, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. फोटो झाला की कागद काढून घ्यायचे. धुण्याच्या खोलीत कोणी आणखी काही बघायचंच नाही. कागद आहे, हात लावायचा नाही. कागद नाही, टबात टाकायची. त्या आठवड्यात कागद संपले होते आणि वाळत घालायला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून रेघचा सगळा गठ्ठा धुण्याच्या खोलीतल्या मांडणीवर ठेवला होता. निरोप द्यायचं कोणीतरी विसरलं. यांनी गठ्ठा घेतला, कागद नाही बघितला आणि धुवायला बसल्या. बोटाला रंग ओलसर लागला होता, तेव्हाच उठून विचारायला हवं होतं, असंही म्हणाल्या. मग शोधाशोध झाली, गठ्ठा मिळाला नाही. सिनेमा लावायची तारीख ठरून गेली होती, परत काढायला वेळ नव्हता. मोठे साहेब कॅमेऱ्याच्या खोलीत गेले आणि म्हणाले, नुसता काठ घ्या. कोणाच्या हातून गेला ते त्यांनी विचारलं नाही. रेघने त्याच महिन्यात काम सोडलं. सिनेमा पुरा झाला तेव्हा कामावर होत्या त्यांचीच नावं पाटीवर आली. रेघचं आलं नाही.

मला कुठे बघावं कळेना. नवरा बुटांकडे बघत होता. मुलगी इतका वेळ फोनवर सगळं टिपत होती, तिने फोन हळूच खिशात टाकला. माझ्या डोक्यात ती नावांची पाटी फिरत होती, आणि गॅसवाला, आणि शेजारणी, आणि मी मारलेल्या सगळ्या बढाया. प्रदर्शनवाल्या मुलीच्या हातात तिचे कागद होते आणि त्यांत लिहिलेलं आता काही उपयोगाचं नव्हतं. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात ना, मला तर ती बरीच आधी दुभंगायला हवी होती, मी फोन लावला तेव्हा.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून रेघमावशी बोलल्या. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तुझ्या नखांत ओल्या पाणमांजरीचा रंग होता. तो रंग दुसऱ्या कुठल्याच प्रसंगात नव्हता. चूक काय, कोणाच्याही हातून होते. बस आता खाली."

लोक हसले. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या. प्रदर्शनवाली मुलगी डोळे पुसत म्हणाली की आजचा दिवस ऐतिहासिक आहे. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मला गोड शेवट फार आवडतात. मी मनात या प्रसंगाची गोष्ट करूनसुद्धा टाकली, दोन मैत्रिणी, एक चूक, एक मोठं मन, आणि ती कोणाकोणाला सांगायची तेही ठरवलं.

पण सासूबाई टाळ्या संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या, मान खाली घालून. मार खाणारं मूल उभं राहतं तसं. मला राग आला. आता माफ केलंय ना त्यांनी, मग हसा की थोडं.

लोक चहाकडे पांगले. मी दोन कप घेऊन रेघमावशींच्या खुर्चीकडे आले तेव्हा सासूबाई त्यांच्याशेजारी बसल्या होत्या. मला बघून त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. बहुतेक मी दिसलेच नाही.

"तू अर्धंच माफ केलंस," सासूबाई म्हणत होत्या. "धुता धुता अर्ध्यावर आले तेव्हा मला कळलं होतं. तोपर्यंत मी बघतच नव्हते, हात चालला होता. मग एका शीटवर तिचा कान वळलेला दिसला. सगळ्या सिनेमात ती मागे वळते अशी ती एकच जागा होती. तुझी आहे आणि अजून फोटो झालेला नाही, दोन्ही मला कळलं."

रेघमावशी त्यांच्याकडे बघत होत्या. 

"तिथे थांबले असते तर वळणं वाचलं असतं. गेलं असतं ते नुसतं चालत जाणं, ते तू दोन दिवसांत परत काढलं असतंस. पण दुसऱ्या दिवसापासून मला रंगाच्या टेबलावर बसवणार होते. अर्धा गठ्ठा सापडला असता तर विचारलं असतं, कोणी धुतला. सगळा गेला तर म्हणतील, हरवला. म्हणून मी उरलेल्या धुतल्या. बघून बघून धुतल्या. पुसल्या, आणि कोऱ्या शीटांच्या मधे घालून ठेवल्या."

मी हातातले कप खिडकीवर ठेवले. माझी सासू धांदरट असती तर मी जन्मभर तिची चेष्टा केली असती आणि सोडून दिलं असतं. पण हे धांदरटपण नव्हतं. पाटीवरचं ते नाव, ज्याच्यासमोर आम्ही पाहुण्यांना उभं करत होतो, ते कशावर लिहिलं होतं ते मला आता कळलं, आणि मला तिथे उभं राहायची लाज वाटली. कोणाची लाज, त्यांची की माझी, ते वेगळं काढता येईना. एकदा वाटलं पुढे होऊन म्हणावं, जाऊ द्या हो मावशी, जुनी गोष्ट आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

 रेघमावशींनी विचारलं की मी गल्लीत राहायला आले तेव्हा तू मला बघितलं होतंस ना. सासूबाईंनी मान हलवली. तेव्हापासून तू लांबच्या रस्त्याने जातेस, मी खिडकीतून बघते, असं रेघमावशी म्हणाल्या. मला वाटायचं, एवढ्याशा चुकीला ही एवढी का लाजते. आज कळलं.

"मला वाटलं होतं, काम जमेल परत," रेघमावशी म्हणाल्या. "दुसरीकडे गेले, पुष्कळ काढलं. तसं वळणं परत आलं नाही हाताला. आणि आता तर कसं होतं तेच आठवत नाही. कान आधी की मान आधी. रात्रंदिवस ते काढत होते, आणि आठवत नाही."

सासूबाई रडत होत्या. मी त्यांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आवाज नाही, नुसतं पाणी, आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

"मग तूच सांग," रेघमावशी म्हणाल्या. "बघून बघून धुतलीस म्हणतेस. तुझ्यानंतर कोणी बघितलेली नाही. कशी वळत होती?"

सासूबाईंनी भिंतीवरच्या काठाकडे बघितलं. मला वाटलं, आता या उठून जाणार, घरी जसं उठून जातात तसं. इथे स्वयंपाकघर नव्हतं. त्या बसून राहिल्या आणि सांगायला लागल्या. आधी कान वळतो, नुसतं टोक, तिला पाठीमागे काहीतरी ऐकू आल्यासारखं. मग एक पाऊल वाळूत तसंच राहतं, अर्धं उचललेलं. मग खांदा. मान अजून नाही, मान ती वळवायचीच नाही म्हणते, आणि मग वळवते. मिशांना पाणी लागलेलं. डोळा दिसतो तो सगळ्यात शेवटी, आणि तो पिल्लाकडे नसतो, पिल्लाच्या थोडा पलीकडे असतो, पिल्लाकडे बघितलं तर जाता येणार नाही म्हणून. एकही शीट त्या विसरल्या नव्हत्या. मी तो सिनेमा इतक्या वेळा पाहिलाय, पण त्या रिकाम्या काठावर ती मला पहिल्यांदा दिसली. आणि ही बाई घरात बसून इतकी वर्षं एकटीच ते बघत होती.

रेघमावशींनी डोळे मिटून घेतले होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला कान?"

"उजवा."

"डावा. रंग काढताना तू मागून बघत होतीस, तुला सगळं उलटं दिसलं." त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "माफ केलंय असं मी परत म्हणणार नाही. त्याचं माझं मला बघू दे. पण तुझ्याकडे माझी वस्तू आहे, ती तू एवढी वर्षं दिली नाहीस. उद्यापासून घरी ये. जवळच्या रस्त्याने ये."

सासूबाई हो म्हणाल्या.

"आणि आता परत सांग. कानापासून. डाव्या."

सासूबाईंनी मान खाली घातली आणि परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.